होडी गळेल का, हा नंतरचा प्रश्न. आधी ती भरली तर काय होईल ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लायचे तुकडे तारेनं शिवून १४ फुटी शिडाची होडी बांधायची, मेअखेर ती गुहागरकडच्या खाडीत उतरवायची, चालवणार तुम्ही आणि तुमचा मुलगा, कधीमधी घरातले आणखी दोघं बसतील. त्यासाठी तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. बाजारातला ७१० नंबरचा प्लाय चालेल का? ओळखीचा फायबरवाला पॉलिएस्टर रेझिन मारून देतो म्हणतो, ते घ्यावं की इपॉक्सी हे दुसरं, महाग रेझिन? आणि पहिल्यांदा पाण्यात घालताना होडी गळणार नाही याची खात्री कशी करायची?

कोकणात हौसेनं होडी बांधणाऱ्यांना मदत करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पहिल्या होडीच्या वेळी जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हीच गळण्याची भीती असते, आणि ती साहजिक आहे. पण जोडातून झिरपणारं पाणी हळू येतं, दिसतं आणि डब्यानं उपसता येतं. होडी संकटात येते ती वेगळ्या कारणांनी. दोघं एकाच बाजूला झुकतात, शेजारून जाणाऱ्या मोठ्या बोटीची लाट काठावरून आत येते, किंवा शिडात अचानक वारा भरून ती कलंडते. मग सगळं पाणी एकदम आत. त्या क्षणी तुमची होडी पाण्यावर सपाट राहते का, तुम्हा दोघांना धरायला आधार देते का आणि पुन्हा रिकामी करता येते का, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर प्लाय कापण्याआधी, कागदावर असताना द्यावं लागतं. म्हणून मी तुमच्या प्रश्नांचा क्रम उलटा करतो.

आधी आकार. १४ फूट आणि १२ फूट यांत फार फरक नाही असं वाटतं, कारण आपण फक्त लांबी बघतो. प्रमाण तेच ठेवून होडी १२ वरून १४ फुटांवर नेली की पृष्ठभाग सुमारे एकतृतीयांशानं वाढतो आणि आकारमान जवळपास १.६ पट होतं. प्लाय, रेझिन, घासकाम आणि उचलायचं वजन सगळंच त्या मानानं वाढतं. शीड म्हटलं की डोलकाठी, सुकाणू, मधलं खाली सरकणारं पातं आणि त्या पात्याची पेटी आली. नवख्याच्या होडीत गळती झालीच तर बहुतेक वेळा ती या पेटीच्या तळाशीच होते. माझा सल्ला असा की पहिली होडी ११ ते १२ फुटांची, वल्ह्यांची बांधा. शीड पुढच्या वर्षी चढवता येईल अशी डोलकाठीसाठी जागा आणि मजबुती आत्ताच ठेवा. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी हौशी लोकांसाठी ‘मिरर’ ही प्लायची शिडाची होडी आखली. तिची लांबी ३.३ मीटर, म्हणजे ११ फुटांच्याही आत आहे. तशा ७०,००० च्या वर होड्या झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी लोकांनी घरच्या घरी जोडल्या. तारेनं शिवून कोपरे रेझिननं भरायची जी पद्धत तुम्ही वापरणार आहात, ती याच होडीमुळे घरोघरी पोचली.

अर्थात तुमच्या मुलाचं वय, तुम्हा दोघांना पोहता येतं का, आधी कुणाच्या शिडाच्या होडीत बसलात का, यावर हे अवलंबून आहे. शीड हाताळायचा सराव असेल तर १४ फुटांना माझा विरोध नाही. पण मग मे महिना विसरा, एवढ्या वेळात ती होणार नाही.

आता वजन आणि तरंगणं. १२ फुटी, सपाट तळाची होडी घ्या: तळाची कमाल रुंदी १ मीटर, पाण्याला टेकणारी लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागे तळ निमुळता होत जातो, म्हणून प्रत्यक्ष क्षेत्रफळ २ चौरस मीटरच धरा. म्हणजे होडी १ सेंटिमीटर खाली जायला सुमारे २० किलो वजन लागतं. ६ मिलिमीटरच्या ८ बाय ४ च्या एका प्लायचं वजन १२ किलोंच्या आसपास असतं. चार ताव, आतली लाकडं आणि रेझिन धरून, वाया जाणारे तुकडे वगळून, होडी ५० ते ५५ किलोंत बसते. त्यात तीन मोठी माणसं बसली की २६५ किलो, म्हणजे तेरा-चौदा सेंटिमीटर पाण्यात. बाजू ४० सेंटिमीटर उंच असतील तर काठ पाण्याच्या वर २६ सेंटिमीटर राहतो. शांत खाडीला हे पुरतं. चौथा माणूस बसला की काठ आणखी तीन-साडेतीन सेंटिमीटर खाली येतो आणि हलायलाही जागा उरत नाही. म्हणून १२ फुटांत तिघं, त्यापुढे नाही. हा आकडा होडीच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा, म्हणजे किनाऱ्यावर उत्साहात असलेल्या पाहुण्यांना नाही म्हणणं सोपं जातं.

होडी किती डुलते ते मुख्यतः तिच्या रुंदीवर ठरतं, आणि इथे रुंदीचा परिणाम घनानं वाढतो. पाण्याच्या रेषेवर ९० सेंटिमीटर रुंद असलेली होडी १२० केलीत तर तिरपं होण्याला तिचा सुरुवातीचा विरोध दुपटीहून जास्त होतो, बाकी काहीही न बदलता. आपल्याकडे सिंधुदुर्गाकडच्या अरुंद होडीला बाजूला उलांडी, म्हणजे समांतर तरंगणारं लाकूड, बांधतात, तिचंही काम हेच: आधाराची रुंदी वाढवणं. बैठक शक्य तितकी खाली ठेवा. बसण्याची फळी १० सेंटिमीटरनं खाली घेतली तरी फरक लगेच जाणवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. होडीत नुसतं ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर ते किती होतं? २ चौरस मीटर गुणिले ५ सेंटिमीटर म्हणजे १०० लिटर, म्हणजेच १०० किलो. आणि हे १०० किलो एका जागी बसून राहत नाहीत. होडी डावीकडे झुकली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तिला आणखी झुकवतं. अर्धवट भरलेली होडी पूर्ण भरलेल्या होडीपेक्षाही बेभरवशाची असते ती यामुळे. म्हणून पाय ओले व्हायला लागले की आधी उपसायचं, मग वल्हवायचं. उपसायचा डबा दोरीनं होडीला बांधलेला हवा.

लाकडाची होडी बुडत नाही, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. ते अर्धंच खरं आहे. ५० किलो प्लायवूड सुमारे ७५ लिटर जागा व्यापतं, म्हणजे पूर्ण भरल्यावर लाकडाची स्वतःची जादा उचल फक्त २५ किलोंच्या आसपास. लहानातलं लहान पेट्रोलचं इंजिनही १३ ते १७ किलोंचं असतं. वर नांगर आणि साखळी पाच-सहा किलो. म्हणजे इंजिन लावलेली होडी भरली की काठ पाण्याखाली घेऊन जेमतेम तरंगते, आणि दोन माणसांनी धरलं की खाली जाते. म्हणून होडीच्या दोन्ही टोकांना बंद कप्पे हवेत. नाळेकडचा त्रिकोणी कप्पा, पाया १.२ मीटर, लांबी ९० सेंटिमीटर, उंची ४० सेंटिमीटर धरला तर कागदावर २१६ लिटर होतात. तळ वर चढतो आणि बाजू आत येतात, म्हणून ६० टक्के धरा: १३० लिटर. मागच्या बैठकीखाली १ मीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच पेटी केली की आणखी १०० लिटर. एक लिटर हवा म्हणजे साधारण एक किलो उचल. हे २३० किलो मिळाले की भरलेली होडी तुम्हा दोघांना आत बसू देते आणि काठ पाण्याच्या वर राहतो, म्हणजे उपसता येतं. इंजिन लावणार असाल तर मागचा कप्पा मोठा घ्या, कारण भरल्यावर मागची बाजूच आधी बसते.

सगळी हवा पायाखालच्या दुहेरी तळात भरायचा मोह होतो, कारण फरशी सपाट आणि कोरडी मिळते. लहान होडीत तसं करू नका. हवा खाली आणि पाणी तिच्यावर अशी स्थिती आली की भरलेली होडी उलटण्याकडे झुकते. हवा टोकांना आणि बाजूंना, जितकी वर तितकी बरी.

बंद कप्प्याचा एक तोटा आहे. आत दमट हवा अडकते आणि लाकूड आतून कुजायला लागतं, बाहेरून काही कळत नाही. त्यामुळे प्रत्येक कप्प्याला हात आत जाईल एवढं फिरकीचं झाकण ठेवा, आणि घरी आल्यावर ते उघडून ठेवायचं. झाकण विसरलं किंवा प्लायला भोक पडलं तर दुसरा आधार म्हणून मी कप्प्यात घट्ट बूच लावलेल्या २ लिटरच्या रिकाम्या बाटल्या भरतो. ५० बाटल्या म्हणजे १०० लिटर, आणि कप्पा वाळवायचा असेल तेव्हा बाहेर काढता येतात. त्यासाठी मात्र एक झाकण बाटली जाईल एवढं मोठं लागतं. थर्माकोल टाळा; पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

इथवर ठरलं की मगच लाकूडबाजारात जा. आयएस ७१० हे भारतीय मानकातलं मरीन प्लायचं मानक आहे. त्याचा डिंक फिनॉलिक असतो आणि तुकडा ७२ तास उकळून तपासायची त्यात अट आहे. होडीला हाच प्लाय घ्या. ३०३ क्रमांकाचा स्वयंपाकघरातल्या कपाटांना ठीक. पण नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. दुकानातच तावाची कड चारही बाजूंनी बघा. मधल्या थरांत फट दिसली, किंवा एक थर दुसऱ्यावर चढलेला दिसला, तर तो ताव नको. होडीचा प्लाय वाकवावा लागतो आणि पोकळी जिथे असेल नेमका तिथेच तो मोडतो. मग सगळ्या तावांवरून रुपयाचं नाणं ठोकत जा. पोकळ जागी आवाज बदलतो. एक ताव आधी आणून त्याचा वीतभर तुकडा उकळा, उन्हात वाळवा, पुन्हा उकळा, आणि पटाशीनं थर सोडवून बघा. लाकूड फाटलं आणि डिंक टिकला तर उरलेले ताव त्याच गठ्ठ्यातले घ्या.

रेझिनचं उत्तर सरळ आहे: लाकडाला इपॉक्सी. पॉलिएस्टर स्वस्त आहे आणि साच्यातल्या फायबरच्या होडीला ते उत्तमही आहे, पण लाकडाला ते तितकं घट्ट धरत नाही, वाळताना आकसतं आणि काही पावसाळ्यांनंतर कडेनं सुटायला लागतं. सुटलेल्या पापुद्र्याखाली पाणी शिरलं की लाकूड झपाट्यानं कुजतं. लाकूड आणि इपॉक्सी यांच्या जोडीबद्दल शंका असेल तर गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या जहाजबांधणी कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही नौदलाची शिडाची नौका आठवा. लाकडाचा गाभा आणि त्यावर काचकापड (काचेच्या धाग्यांचं कापड) व इपॉक्सी अशीच तिची बांधणी आहे. तिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले.

तुमचा फायबरवाला हाताला चांगला असेल तर त्याची मदत जरूर घ्या, पण एक गोष्ट त्याला नीट समजावून सांगा. पॉलिएस्टरमध्ये तो हवामान बघून हार्डनरचे (रेझिन कडक करणाऱ्या द्रवाचे) थेंब कमी-जास्त करतो आणि ते चालतं. इपॉक्सीत असं चालत नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात. दोन्हींपैकी कुठलंही जास्त झालं तरी ते तसंच मागे उरतं आणि थर कायमचा मऊ राहतो. कुठल्या इपॉक्सीला वजनानं १०० ला १० हार्डनर लागतं, कुठल्याला १०० ला ५०. डब्यावर असेल तेच खरं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि दर वेळी मोजा. लवकर वाळायला हवं असेल तर जलद हार्डनर आणा, जास्त हार्डनर घालू नका. त्याच्याकडची चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई, तीही नको. तिचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळावा असाच केलेला असतो, इपॉक्सीत तो नीट विरघळत नाही. विणलेलं काचकापड घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचं.

उन्हाळ्यात काम करणार आहात म्हणून आणखी थोडं. तापमान १० अंशांनी वाढलं की भांड्यातलं मिश्रण वापरता येण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी अर्धा किलो मिश्रण उभ्या डब्यात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेनं तापून धूर सोडायला लागतं. एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. लाकडावरचा पहिला हात संध्याकाळी, हवा थंड होत असताना द्या. सकाळी दिलात तर लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि थरात बारीक छिद्रं पडतात. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्यानं घासून धुवायचा, मग पॉलिशपेपर मारायचा. उलट केलंत तर मेण आतच घासलं जातं आणि पुढचा थर धरत नाही. हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू जमत जाते आणि एकदा आली की जात नाही. आणि शेवटी रंग द्यायलाच हवा, कारण नुसतं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि भुकटी होऊन झडतं.

प्रत्यक्ष बांधणीबद्दल सगळं लिहीत नाही, आराखड्यासोबत सूचना मिळतील. दोन जागी मात्र थांबतो. पहिली: प्लाय कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचा दहापट लहान नमुना करा. १२ फुटांचा नमुना साडेछत्तीस सेंटिमीटरचा होतो, एका संध्याकाळचं काम. सुईदोऱ्यानं शिवून बघा. कुठली फळी कुठे वाकते, बाजू कुठे ताणतात हे तेव्हाच हाताला कळतं आणि कापायची चूक पुठ्ठ्यावर होते. नंतर खऱ्या दोन्ही बाजू एकावर एक ठेवून एकदमच कापा, म्हणजे त्या एकमेकींशी जुळतील. ८ फुटी ताव जोडून लांबी करताना तिरक्या कापाचा जोड जाडीच्या आठपट लांब हवा, ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर.

दुसरी जागा म्हणजे होडी तारेनं शिवून झाल्यानंतरची आणि रेझिन लावण्याआधीची वेळ. तार तांब्याचीच घ्या. दीड चौरस मिलिमीटरची विजेची वायर सोलली की मिळते. सळया बांधायची बाइंडिंग वायर गंजते. शिवण पुरी झाली की नाळेजवळ एक आणि मागे एक अशा दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काठांवर आडव्या ठेवा. दहा पावलं मागे जाऊन खाली वाका, एक डोळा मिटा आणि पुढच्या पट्टीची वरची कड मागच्या पट्टीच्या कडेशी जुळते का ते बघा. एक टोक बोटभर वर दिसलं तर होडीला पीळ आहे. त्या बाजूची तार सैल करा, समोरच्या कोपऱ्याखाली पाचर द्या, पुन्हा बघा. हे करायला पूर्ण सकाळ गेली तरी जाऊ द्या. तारा ढिल्या आहेत तोवर हा पीळ हातानं निघतो. एकदा इपॉक्सी धरलं की तो कायमचा, आणि तशी होडी जन्मभर एका बाजूला ओढत राहते. पट्ट्या जुळल्या की तारांच्या मधल्या जागेत इपॉक्सीचे छोटे गोळे लावून रात्रभर सोडा. सकाळी तारा काढा आणि मग कोपरे पूर्ण भरा. त्यासाठी रेझिनमध्ये बारीक लाकडी भुसा घालून ते चक्क्यासारखं घट्ट करायचं, उलथ्यावरून ओघळता कामा नये. आइस्क्रीमच्या काडीच्या गोल टोकानं कोपऱ्यातून ओढत न्यायचं आणि ते ओलं असतानाच वर काचकापडाची पट्टी बसवायची.

२०२५ मध्ये नौदलात आलेलं ‘कौंडिण्य’ हे अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं जहाज तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या आहेत आणि ती शिवणच जहाज धरून ठेवते. तुमच्या होडीत शिवण फक्त आकार देते, धरून ठेवण्याचं सगळं काम कोपऱ्यातलं इपॉक्सी आणि काचकापड करतं. म्हणून तिथे घाई नको.

खाडीसाठी तळाला बाहेरून काचकापडाचे दोन थर द्या आणि दोन लाकडी पट्ट्या लांबीला लावा. खडकांवरच्या कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात आणि होडी ओढताना तेच प्लाय कापतं. पट्ट्या सागाच्या असतील तर चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसून घ्या, कारण सागाचं तेल इपॉक्सीला धरू देत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, पहिल्यांदा पाण्यात घालणं. गळतीची परीक्षा पार्किंगमध्येच होते: होडी गाद्यांवर नीट टेकवा, आत चार-पाच सेंटिमीटर पाणी भरा आणि तासाभरानं बाहेरून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. पाणी आतून बाहेर जिथून येतं, तिथूनच ते पुढे बाहेरून आत येणार असतं. बंद कप्प्यांची परीक्षा वेगळी: झाकणाच्या भोकातून सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे भोक.

मेअखेर हा मुहूर्त मात्र मला मान्य नाही. तेव्हा पश्चिमेचा वारा जोर धरतो, खाडीच्या मुखाशी लाटा वाढलेल्या असतात आणि १ जूनपासून मासेमारी बंद झाली की पाण्यावर मदतीला कुणी नसतं. होडी मेपर्यंत पूर्ण करा, पावसाळाभर कोरडी झाकून ठेवा, रंगाचे हात सावकाश द्या. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या बाहेर काढतात, पण पहिल्या होडीच्या माणसानं आणखी थांबावं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून खाडी शांत होते आणि सकाळी वारा पडलेला असतो.

वेळ भरतीवर ठरवा. होडी चढत्या भरतीत उतरवायची: वल्हं तुटलं तरी पाणी तुम्हाला खाडीच्या आत नेतं, समुद्राकडे नाही, आणि गाळात अडकलात तर थोड्या वेळानं आपोआप सुटता. आपल्या किनाऱ्यावरची जुनी पद्धत तुम्ही ऐकली असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. एकादशीला अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ. हे मुंबईच्या आसपासचं झालं, गुहागरकडे थोडं आधी. नक्की वेळ तक्त्यावरून घ्या. म्हणजे एकादशीच्या आसपास सकाळी साडेसहाला पाण्यात गेलात तर तासभर चढती भरती हाती असते, ऊन नसतं आणि खारे वारे सुरू व्हायच्या आत तुम्ही परत येता. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण टाळा, तेव्हा खाडीला ओढ फार असते.

जागा वाळूच्या तळाची, छातीभर पाण्याची, मुखापासून आत. दाभोळच्या खाडीत जाणार असाल तर फार आत जाऊ नका. वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत आणि तुम्हाला पाण्यात उतरून काम करायचं आहे. आधी गावातल्या एखाद्या जाणत्या कोळ्याला होडी दाखवा, त्याला सोबत घ्या. ती खाडी तुम्हाला आराखड्यातून कळणार नाही, त्याला पाठ असते. जवळच्या बंदर निरीक्षकाच्या कार्यालयातही आधीच जाऊन या. खाडी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते आणि इंजिन लावणार असाल तर नोंदणीचे नियम बदलतात. पुण्याजवळच्या धरणात सराव करायचा विचार असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात अनेक ठिकाणी मनाईच असते.

पहिल्या दिवशी क्रम असा ठेवा. होडी रिकामी तरंगवा, ती सपाट बसते का ते लांबून बघा. मग पाण्याचे कॅन ठेवून तीन माणसांचं वजन भरा आणि काठ किती उरतो ते पट्टीनं मोजा. मग तुम्ही एकटे बसून वल्हवा, दोरी किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात. आणि त्यानंतर, नारळ फोडून झाल्यावर, फोटो काढून झाल्यावर, ती मुद्दाम पाण्यानं भरा. लाइफ जॅकेट घालून छातीभर पाण्यात उभे राहा, काठ दाबा, आत पाणी येऊ द्या, पूर्ण. बघा ती कुठवर बसते, कुठली बाजू खाली जाते. मुलाला मागच्या बाजूनं आत चढायला सांगा. बाजूनं चढलं तर ती पुन्हा कलंडते. त्याला जमत नसेल तर मागे पायाला आधार म्हणून दोरीचा फास बांधा. मग १० लिटरची बादली घेऊन उपसा आणि घड्याळ लावा. काठ पाण्याच्या वर येत नसेल, तर त्या दिवशी घरी जा आणि कप्पे वाढवा. हे त्याच सकाळी करायचं, चार फेऱ्या मारून झाल्यावर नाही, कारण पहिल्याच फेरीत ती भरू शकते.

परत आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, कप्प्यांची झाकणं उघडा, होडी सावलीत उपडी ठेवा. नमुना करून झाला की त्याची मापं आणि तुम्ही काढलेला कप्प्यांचा हिशेब मला पाठवा; प्लाय कापण्याआधी मी तो तपासून देईन.